बिडाची तिवई

“मग हिच्यात उणं काय आहे, तेवढं तरी सांगा.”

हेरंबने विचारलं ते याच शब्दांत का? की “चूक दाखवा” म्हणाला होता? नक्की सांगता येत नाही. पुष्कळ वर्षं झाली, आणि हल्ली मी स्वतःच्या आठवणीवर फारशी भिस्त ठेवत नाही. सूर मात्र आठवतो. तो विचारत नव्हता, भांडत होता.

आजऱ्याजवळच्या एका वाडीत वामनशास्त्री वैद्य घरच्या घरी अरिष्टं करीत. वनस्पतींचा काढा मोठ्या हंड्यात आटवायचा, मग गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवत ठेवायचा. गॅसच्या दणकट बर्नरवर लोखंडी तिवई, तिवईवर हंडा. तो दिवसभर उकळे. शेजारी पाटावर बसून ढवळायचं काम शास्त्रीबुवांच्या पत्नी द्वारकाकाकूंचं. मी गुडघ्यांच्या उपचारासाठी तिथे राहिलो होतो.

हेरंब शास्त्रीबुवांचा शिष्य. इंजिनिअरची नोकरी सोडून आलेला. हुशार होता, आणि हुशार आहोत हे विसरू शकत नव्हता.

जुन्या तिवईचे पाय आचेने फाकत चालले होते. म्हणून त्याने कोल्हापूरच्या एका ओतशाळेतून बिडाची नवी तिवई ओतून आणली. बीड आचेने वाकत नाही, हे त्याने मला दोनदा समजावलं. मी भौतिकशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस. मी मान डोलावली.

तिवई शास्त्रीबुवांना पसंत पडली, तर अरिष्टांचं सगळं काम त्याच्या हाती द्यायचं ठरलं होतं. दोन वर्षं तो याच दिवसासाठी थांबला होता.

सकाळी भरलेला हंडा चढला. दुपार उलटली तरी तिवई तसूभर कलली नाही. शास्त्रीबुवा येत, वाकून पाहत, काही न बोलता जात. काकू हसून म्हणाल्या, “हेरंबा, तुझ्या तिवईला प्रदक्षिणा चालल्यात. नैवेद्य दाखवू का?”

हेरंब हसला नाही. शास्त्रीबुवा पुन्हा आले, तेव्हा त्याने तो प्रश्न विचारला.

शास्त्रीबुवांनी उलट विचारलं, की पारखून कशी घेतलीस. हेरंबने सांगितलं, की पाण्याने भरलेला हंडा रात्रभर ठेवला होता, आणि वर दोन गडी उभे करून पाहिले होते.

“गार असताना?”

“हो. पण आज सकाळपासून तापलेलीही पाहताय की तुम्ही.”

“पाहतोय…”

त्यांनी काकूंना उठायला सांगितलं. काकू माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“हेरंब, तिच्या जागी बस. ढवळ.”

तो बसला. बर्नरकडच्या बाजूने तिवईचे पाय काळपट लाल झाले होते. काढा रटरटत होता.

शास्त्रीबुवा स्वयंपाकघरात गेले आणि पितळी लोटा घेऊन आले. तिवईजवळ वाकले. लोटा तापलेल्या पायावर धरला आणि हळूहळू कलता करू लागले.

पाट उलटला. ढवळण्याचा दांडा जमिनीवर घरंगळला. हेरंब दारापाशी जाऊन भिंतीला चिकटला होता, तोंड पांढरंफटक. काकूंनी माझं मनगट गच्च धरलं होतं.

शास्त्रीबुवा हंड्याखाली तसेच वाकलेले.

“नको…” हेरंब म्हणाला. “तापलेलं बीड आहे. गार पाण्याने तडकेल. हंडा अंगावर येईल.”

“हे तुला कधी कळलं?”

“कळायचं काय त्यात. पहिल्यापासून माहीत आहे.”

“आणि हिला?”

हेरंबने काकूंकडे पाहिलं नाही.

“पण शास्त्रीबुवा, तापलेल्या तिवईवर पाणी ओततो कोण?”

काकूंनी माझं मनगट सोडलं. हळू आवाजात म्हणाल्या, “काढा उतू गेला की पायांवरून ओलं फडकं फिरवते मी. नाहीतर चिकट होतं सगळं. आज उतू गेला नाही, एवढंच.”

हेरंब पुटपुटला, की भिंतीवर तशी सूचना लिहून लावतो.

शास्त्रीबुवांनी बर्नर बंद केला आणि सरळ उभे राहिले.

“तिवई जागची हलली नाही, हेरंब. हललास तू.”

मला एक शंका पुढे कितीतरी वर्षं छळत राहिली. ते स्वतः हंड्याखाली होते, काकू चार पावलांवर. जाणत्या माणसाने इतका धोका पत्करावा? शास्त्रीबुवा गेल्यानंतर एकदा हेरंब भेटला, तेव्हा धीर करून त्याला विचारलं. त्या दिवशी आम्ही बाकीचे बाहेर पडल्यावर त्याने लोटा उचलून पाहिला होता.

आत पाणी नव्हतंच.