क्ष मानू

“क्ष कशाला पाहिजे, अप्पाजी? उत्तर आलं की नाही, तेवढं बोला.”

मल्लिनाथनं खडू फळ्यावर आपटला. तुकडा उडाला तो थेट माझ्या परातीत.

मी सिद्धव्वा, मठाची स्वयंपाकीण. मंगळवारचा बाजार करून नुकती आले होते आणि ओसरीवर बसून डाळ निवडत होते. डाळीत खडू! दुसरं कुणी असतं तर त्याची गय नव्हती. पण समोर अप्पाजी बसलेले, म्हणून शिवी गिळली.

अप्पाजी म्हणजे आमच्या मठाचे स्वामी. ऐंशीच्या पुढचे. पूजेला एखाद्या दिवशी उशीर व्हायचा, पण मठाच्या शाळेतला सातवीचा गणिताचा तास त्यांनी चाळीस वर्षांत चुकवला नाही. आता गुडघे धरले होते, शाळेच्या पायऱ्या चढवेनात. वर्ग कुणाकडं तरी सोपवायचा होता.

मल्लिनाथ नऊ वर्षांचा असताना मठात आला, पोरका. माझ्या हातच्या भाकरीवर वाढला, अप्पाजींपाशी शिकला आणि एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिला आला. शहरातल्या एका क्लासवाल्यानं महिना साठ हजारांवर बोलावलं होतं. पण हा म्हणत होता, मला आपला सातवीचाच वर्ग पाहिजे. ऐकून मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

आणि अप्पाजी तीनदा नाही म्हणाले होते!

आज चौथी खेप. आजही नाही म्हणाले तर चारच्या एसटीनं कायमचा जातो, असं सांगून त्यानं बॅग दाराशी आणून ठेवली होती.

अप्पाजींनी तोंडी घातलेलं गणित असं होतं. एका बाईनं जवळच्या पैशांतला एक तृतीयांश ज्वारीला घातला. उरलेल्यातला एक चतुर्थांश डाळीला. मग जे राहिलं त्यातलं निम्मं तेल-तिखटाला. घरी आली तेव्हा हातात साडेचारशे होते. तर निघताना किती होते?

अप्पाजींचं बोलणं पुरतं संपायच्या आत यानं फळ्यावर लिहून टाकलं, १८००. वर काही नाही, खाली काही नाही, नुसता आकडा.

मी बोटांवर उलटी गेले. साडेचारशे, नऊशे, बाराशे, अठराशे… बरोबर होतं की वो!

“चुकलंय का उत्तर?” मल्लिनाथनं विचारलं.

“बरोबर आहे.”

“मग मार्क किती?”

“शून्य.”

“शून्य?”

“पहिली ओळ कुठाय?”

ही पहिली ओळ म्हणजे अप्पाजींचा जुना हट्ट. गणित कुठलंही असू दे, पोरानं आधी लिहायचं, ‘किती होते ते मला माहीत नाही. ते क्ष मानू.’ मग पुढं काय करायचं ते करा. ही ओळ नसली तर खालचं सगळं पान त्यांच्या लेखी कोरं.

मल्लिनाथ हसला.

“अप्पाजी, मला दिसतं. तुम्ही बोलत असतानाच दिसतं. माहीत असताना ‘माहीत नाही’ असं लिहू? मठात बसून खोटं लिहू?”

तोंड बघायला पाहिजे होतं त्याचं. लहानपणी पहिला नंबर आला की असाच उभा राहायचा. एक ठेवून द्यावी असंही वाटायचं आणि दृष्ट काढावी असंही.

“मागच्या महिन्यात आठ दिवस वर्ग तुझ्याकडं दिला होता,” अप्पाजी म्हणाले. “सातवीतल्या भौरम्मानं विचारलं, सर, हे कसं आलं? तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, त्यात विचारायचं काय, दिसतंय की.”

“मग तिनं काय विचारलं?”

“काही नाही.”

“बाकीच्या पोरांनी?”

“…कुणीच काही विचारलं नाही.”

“आठ दिवसांत एकही शंका नाही. एवढी हुशार झाली का रे पोरं?”

मल्लिनाथनं फळ्याकडं तोंड फिरवलं. चिडला होता तो. एवढी वर्षं जेवायला वाढलंय त्याला, मला कळतं.

“ती पोरं कच्ची आहेत, अप्पाजी. मला वर्ग द्या, सहा महिन्यांत पळायला लावतो.”

अप्पाजींनी फळ्यावरच्या आकड्याकडं बघितलं.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, “सिद्धव्वा, उरलेले पैसे आण.”

आमच्या मठाची एक रीत आहे. मंगळवारी दानपेटीत जे असेल ते अप्पाजी न मोजता माझ्या ओच्यात घालतात. कधी चार हजार, कधी चारशे. वाटे मात्र ठरलेले. तिसरा हिस्सा ज्वारीला, उरलेल्यातला पाव हिस्सा डाळीला, राहिलेल्यातलं निम्मं तेल-तिखटाला, आणि मग जे उरेल ते पेटीत परत. वीस वर्षं मी हे वाटे करतेय. एकदा चूक काढून दाखवा!

मी कनवटीच्या नोटा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मूठ मिटली आणि मल्लिनाथसमोर धरली.

“हिनं आज त्याच वाट्यांनी बाजार केला. उरलेले इथं आहेत. सकाळी मी हिला किती दिले?”

“मुठीत किती आहेत?”

“ते सांगणार नाही.”

“मग मी कसं सांगू?”

“तुला दिसतं ना?”

मल्लिनाथनं मुठीकडं बघितलं. एक क्षणच. आणि लगेच चेहरा उजळला. हुशार तो हुशारच, उगाच नाही पहिला आला.

“मुठीत असेल त्याच्या चौपट!”

“कशाच्या चौपट?”

“मुठीतल्या… मुठीतल्या त्या…”

“त्याला काय म्हणतोस?”

कपाळाची शीर उडायला लागली त्याच्या. तेवढी एक ओळ लिहिली असती तर काय बिघडत होतं? पण नाही. मूठ इकडून बघितली, तिकडून बघितली, नोटा किती फुगल्यात त्याचा अंदाज घेतला.

“पाचशे,” तो म्हणाला. “म्हणजे सकाळी दोन हजार.”

मला फिस्सकन हसू आलं. चोवीसशे होते. मी स्वतः मोजून वाटे केले होते.

त्यानं गर्रकन माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की उत्तर या बाईला ठाऊक आहे. ओसरीवर आम्ही तिघं, आणि ठाऊक कुणाला, तर डाळ निवडणारीला!

विचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही. आणि मी आपणहून का सांगू? मलाही माझा मान आहे. मी खडूचे कण वेचत राहिले.

“अप्पाजी, तुम्ही तरी मोजलेत का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“म्हणजे उत्तर तुम्हालाही माहीत नाही?”

“मला माहीत नाही,” अप्पाजी म्हणाले. कुणी नाव विचारल्यावर नाव सांगावं, तसं सांगितलं त्यांनी.

मल्लिनाथ बघतच राहिला. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, आणि आवाजात जराही कापरं नाही…

तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

त्यानं बॅग उचलली. उंबऱ्यापर्यंत गेला. चोवीसशे, चोवीसशे रे बाबा, असं ओरडावंसं वाटलं. हे घे उत्तर आणि राहा इथंच! अप्पाजी मूठ तशीच धरून बसलेले. हात खाली घेतला नाही.

दुसरा हॉर्न वाजला.

मल्लिनाथ उंबऱ्यात उभा. बाहेर बघतोय, आत बघतोय…

तिसऱ्यांदा हॉर्न वाजला नाही. गाडी गेली, धूळ मठाच्या कमानीपर्यंत आली. त्यानं बॅग खाली ठेवली, फळ्याशी आला आणि १८०० तळहातानं पुसून टाकले. खडू घेतला. पहिलीच्या पोरासारखा दाबून दाबून लिहीत होता.

‘सकाळी किती दिले ते मला माहीत नाही. ते क्ष मानू.’

त्याखाली वाटे मांडले. ज्वारी, डाळ, तेल-तिखट, आणि शेवटी मुठीत उरला क्षचा चौथा हिस्सा. तिथं थांबला. पुढं जायला वाटच नव्हती.

मग माझ्याकडं आला. परातीपाशी उकिडवा बसला. कान लाल झाले होते. तो पुढं जे बोलला, तसलं वाक्य तो नऊ वर्षांचा असताना मठात आल्यापासून त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

“अव्वा…” तो डाळीकडं बघत पुटपुटला, “मला माहीत नाही. किती होते?”

मी सांगायला तोंड उघडलं, तर अप्पाजींनी हात वर करून मला थांबवलं. शेजारची खडूची पेटी उचलली आणि मल्लिनाथच्या मांडीवर ठेवली.

“उद्या वर्गात असं पुटपुटून चालायचं नाही,” ते म्हणाले. “ताठ मानेनं म्हण.”