नरांना माहेरी पोचवणारी भागरता

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या तलावाची पाळ, म्हणजे बांध, आजच्यापेक्षा दुप्पट उंच होती तेव्हाची ही गोष्ट. झाडीतल्या या गावात तेव्हा घरोघरी बदकं होती. सकाळी ती ओळीनं पाण्याकडे निघाली की बैलगाड्या थांबून त्यांना वाट देत, असं म्हणतात. आता बदकं जवळजवळ गेली आणि वाट द्यायची सवयही गेली.

त्या वेळी गावात एक रीत होती. बहिणीच्या लग्नात भाऊ आंदण म्हणून नर बदक द्यायचा, हिरव्या मानेचा आणि ऐटीत चालणारा. मादी दिली तर लोक नाकं मुरडत. भावाची भेट म्हणून तो नर कुणी कापत नसे की विकत नसे. लग्नं होत राहिली, नर वाढत राहिले आणि एका मादीमागे चारचार नर झाले. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण त्या हौसेपायी बिचाऱ्या माद्यांचा जीव जाऊ लागला.

होळी सरली की नरांच्या अंगात वारं शिरायचं. एकीमागे सगळे धावत, तिच्या मानेची पिसं उपटत, पाण्यात तिच्यावर चढून तिला बुडवत. घाटावर आलेल्या बायकांच्या पोटऱ्यांनाही ते सोडत नसत. त्यांतला एक तर असा दांडगा होता की गावानं त्याचं नावच ठाणेदार ठेवलं होतं. एकदा तो गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मालगुजाराच्या, घोड्यावर धावून गेला. घोडा उधळला आणि मालगुजार चिखलात पडले. गाव हसलं, हीच मोठी चूक झाली. चिखल पुसता पुसता मालगुजारांनी हुकूम सोडला, की गावातली सगळी बदकं कापून टाका.

हे भागरताच्या कानावर गेलं. भागरता ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची, विधवा. पोटी लेकरू नाही, घरात बोलायला माणूस नाही. होती ती बदकं. ती त्यांना नावानं हाक मारी आणि तीही ओ देत, असं म्हणतात. ती तशीच उठून वाड्यावर गेली.

"मालक, बदकाइले कायले मारता?" ती म्हणाली. "त्याइचा दोष नाही. आपणच भावाचा मान म्हणून नरावर नर वाढवले."

"मग तो ठाणेदार आवरून दाखव," मालगुजार म्हणाले. "नाही जमलं, तर पहिली तुझीच कापली जातील."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पाळेवर जमलं. भागरता रिकाम्या हातानं घाटावर उतरली. ठाणेदार मान खाली घालून, पंख फुलवून तिच्यावर धावला. ती मागं सरली नाही, पळाली नाही, तिनं हातही उगारला नाही. तो चावला, पायातून रक्त आलं, तरी ती उभीच राहिली. मग हळूच वाकून तिनं त्याची पाठ दाबून धरली. तो निवल्यावर त्याला काखेत घेतलं, वरून पदर टाकला आणि ती पाळेवरून चालू लागली.

"चाल बाप्पा, माहेरी चाल," ती त्याला म्हणत होती. "बायका जातेत, तू बी जाय. डोकं थंड झालं का आणतो तुले."

पाळेपलीकडे एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, होतं. तिच्या पाण्यात तिनं ठाणेदाराला सोडलं. मधे तुराट्यांचा कूड घातला, कारण दृष्टीआड सृष्टी. तोवर बाकीचे नर आपणहून रांगेनं तिच्यामागे आले होते, असं म्हणतात. काही म्हातारे सांगतात, की ते आले नाहीत, प्रत्येक घरानं आपापला नर काखेत धरून नेला, आणि शेवटचा खुद्द मालगुजारांनी नेला. मला हेच जास्त आवडतं.

तलाव शांत झाला. माद्यांच्या मानेवर पुन्हा पिसं आली. आषाढात, आखाडीच्या सणाला, नर परत आणले तेव्हा ठाणेदार कोकरासारखा भागरताच्या मागे चालत होता. मालगुजारांनी हुकूम मागे घेतला. तेव्हापासून गावात आंदणाला पाच बदकं देऊ लागले, चार माद्या आणि एक नर.

भागरता गेली, त्यालाही पिढ्या लोटल्या. अजूनही होळीनंतर गाव नरांना काखेत घेऊन बोडीवर पोचवतं, आणि नेणारा वाटभर त्याच्याशी हळू आवाजात बोलतो. कुणाचा नवरा फार तणतणला, तर बायको म्हणते, "याले बोडीवर सोडून या कोणीतरी."

गेल्या होळीला अख्ख्या गावात एकच नर उरला होता, तोही म्हातारा. त्याला न्यायची काही गरज नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळं गाव त्याच्याबरोबर पाळेवरून चालत गेलं, आणि "चाल बाप्पा, माहेरी चाल" म्हणताना बायकांचे डोळे भरून आले.