हळदीआधीची नीळ

वेळूशेतला आलात आणि निळाऱ्यांच्या आळीत डोकावला नाहीत, तर गाव अर्धंच पाहिलं म्हणायचं. ओढ्याच्या काठी चिंचेखाली एक पडवी आहे आणि तिच्यात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक मातीचा रांजण. वास येईल, पण नाक मुरडू नका, जिवंत निळीचा वास असाच असतो. या गावात नवरीच्या कोऱ्या अंगाला हळद लागत नाही. आधी तिचे हात कोपरापर्यंत या रांजणात बुडतात आणि मगच हळद. बाहेरगावचे पाहुणे हे पाहून तोंडात बोट घालतात. मग कुणीतरी जुनं माणूस त्यांना बाजेवर बसवतं आणि ठकूची हकीकत सांगतं.

ठकू ही कोंडाजी निळाऱ्याची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली. पुढे कोंडाजीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि रांजण ठकूच्या हाती आला. सात वर्षं तिनं तो एकटीनं सांभाळला म्हणे. नीळ म्हणजे काही पुडीत बांधून फळीवर ठेवायचा रंग नव्हे. तिला वेळेवर गूळ लागतो, चुना लागतो, थंडीत वरून गोधडी घालावी लागते. काठीनं घुसळलं तर आत वारा शिरतो आणि नीळ रुसते. तळाचा गाळ हातानंच, अगदी अलगद वर आणावा लागतो. त्यामुळे ठकूचे हात कोपरापर्यंत निळे. लिंबू, राख, रिठा, कशालाही तो रंग दाद देत नसे.

कामाला बसली की त्या हातांचा तिला केवढा ताठा! रांजणातून धोतर वर काढलं की आधी ते पिवळसर दिसायचं, आणि वारा लागला की बघता बघता निळं व्हायचं. बाजाराला निघालेली माणसं ते बघायला थांबत, आणि ठकू मुद्दाम सावकाश धोतर पिळी. पण हळदीकुंकवाला गेली की तेच हात ती पदराखाली घेई. कुंकू लावताना एखादी बाई पटकन मागे सरे. शुभकार्यात असले काळेनिळे हात कुणाला हवेत? ठकू हसून वेळ मारून नेई, पण घरी आल्यावर बापाशी धड बोलत नसे. तिला वाईट वाटे, आणि आपल्याच हातांचं वाईट वाटतं याची लाजही वाटे.

अशात तिला पेठेच्या गावचं स्थळ आलं. माणसं निळाऱ्यांचीच, पण रांजण मोडून कापडाच्या दुकानात गादीवर बसलेली. एकदा गादीवर बसलं की माणसाला जुना वास सहन होत नाही, त्याला आपण काय करणार? मुलगा हैबती मात्र साधा होता, कमी बोलणारा. ठकूला तो मनापासून आवडला. बोलणी ठरली आणि उठता उठता त्याच्या आईनं, गयाबाईनं, एक अट घातली.

“पोरगी गुनाची हाय. पन हळदीला हात कोरं पायजेत. आमच्यात आता ह्ये चालत न्हाई.”

कोंडाजीनं मान डोलावली. ठकूनंही डोलावली.

सव्वा महिना तिनं रांजणात हात घातला नाही. कोंडाजी डाव्या हातानं जमेल तेवढं करी. हळूहळू रंग उतरला, नखांच्या कडा तेवढ्या निळसर राहिल्या. एका शुक्रवारी ती पहिल्यांदाच पदर सोडून शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेली, आणि कुणीही मागे सरलं नाही. त्या दिवशी ती फार खूश होती असं सांगतात. मला ते खरं वाटतं.

हळदीचा दिवस उजाडला. वऱ्हाड जानवसघरी उतरलं होतं, घरात बायकांची लगबग चालली होती. कोंडाजी मात्र कुठं दिसेना. ठकू त्याला शोधत पडवीत आली, तर तो रांजणापाशी बसलेला. तिनं आत पाहिलं. वरचा तांबूस फेस गेला होता. पाणी निवळलं होतं. वासच येत नव्हता.

“बा, तळ कवापास्नं हलला न्हाई ह्यो?”

“माझा हात पोचत न्हाई गं तितवर,” कोंडाजी म्हणाला. “जाऊ दे. तू जा, हळद येईल आता.”

तळ आत्ता हलवला तर नीळ वाचण्यासारखी होती, दुपारपर्यंत संपलीच असती. आणि नवा रांजण लावायला जुन्यातलं तांब्याभर विरजण लागतं, ते पंचक्रोशीत दुसरीकडे कुठं नव्हतं. आपण सासरी जाऊ आणि बाप या मेलेल्या भांड्यापाशी एकटा बसून राहील, हे ठकूला सोसवेना. तिनं बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातले. ती रडत होती आणि गाळ वर आणत होती. बऱ्याच वेळानं काठाशी पहिला फेस धरला.

तेवढ्यात वाजंत्री दाराशी आली. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन गयाबाई स्वतः पुढे होती. ठकू हात पुसायलाही थांबली नाही. ती तशीच समोर येऊन उभी राहिली, आणि वाजंत्री आपोआप बंद पडली.

“आत्याबाई, हात कोरं न्हाईत. माझ्या बाचा रांजण मरत हुता. चालत नसंल तर आत्ताच सांगा.”

गयाबाईनं हळदीची वाटी पुढे घेतली. तिनं हळदीत हात बुडवला आणि ठकूच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओढला. निळ्यावर हळद बसली आणि हात हिरवा झाला, नव्या चुड्यासारखा हिरवागार. बायका आ वासून बघत राहिल्या. ठकूखेरीज नवल वाटलं नाही ते फक्त गयाबाईला. हिरव्याला स्वतःचा रांजण नसतो, आधी नीळ लावायची आणि वरून हळद, हे रांजणापाशी वाढलेल्या प्रत्येक लेकीला ठाऊक असतं. आणि गयाबाईही बापाच्या रांजणापाशीच वाढलेली होती. सासरी आल्यापासून हे तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, इतकंच.

“माझ्या बाचा रांजण असाच गेला,” ती म्हणाली. “बा हाका मारीत हुता. म्या हळदीसाठी राखंनं हात घासत बसले हुते.”

मग तिनं वाटी शेजारणीच्या हातात दिली, बांगड्या मागे सारल्या आणि ठकूला विचारलं, “तळ समदा वर आला का?” ठकूनं नाही म्हणून मान हलवली. दोघी पडवीत गेल्या. पुढे ठकू दर बाजाराला माहेरी येई म्हणे, आणि पुष्कळदा गयाबाईही बरोबर असे.

आजही वेळूशेतात हळदीच्या दिवशी वरमाय नवरीसोबत रांजणाशी ओणवी होते. कितीही तालेवार घरची असो, तिला बांगड्या मागे साराव्या लागतात. जवळ नवरीचा बाप उभा असतो. तळ नीट वर आला की नाही हे तो वाकून बघतो, आणि त्यानं मान डोलावल्याशिवाय वाजंत्री वाजत नाही.