शेवटच्या पिंपाची वाटणी

जे दिवस अजून उजाडायचे आहेत, त्या दिवसांत एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गाव लहान, पण ताठा मोठा. ताठा कशाचा, तर वाटणीचा. मधाचं पोळं असो, तळ्यातले मासे असोत की वादळात पडलेल्या झाडाची लाकडं, गावात जे येई त्याचे चावडीपुढे सारखे वाटे पडत. वाटे पाडण्याचा मान एका घराण्याकडे होता आणि त्या घरच्या कर्त्या पुरुषाला सगळे वाटप्या म्हणत. पितळेचं माप हातात घेऊन तो उभा राहिला की भांडखोर माणसंही गप्प बसत. स्वतःचा वाटा तो सगळ्यात शेवटी घेई आणि त्याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

त्याच काळात जमिनीच्या पोटातलं तेल संपत आलं. आधी डोंगरावर येणारी मोटार बंद झाली. मग नांगरणारं यंत्र गोठ्यात जाऊन पडलं आणि त्यावर कोंबड्या बसू लागल्या. त्या गोठ्यातले बैल कधीच विकून झाले होते. लोक म्हणाले, "चालायचंच." मग एक दिवस खेचरांच्या गाडीतून तेल आणणारा गाडीवान म्हणाला, "हे शेवटचं पिंप. आता माझी वाट बघू नका."

तेव्हा मात्र गावाची पाचावर धारण बसली. कारण गावाचं पाणी कड्याखालच्या नदीतून इंजिन वर चढवत असे. गावाच्या मधोमध एक जुनी विहीर होती, पण इंजिन आल्यापासून तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. तिच्यात माती, पाला आणि फुटकी मडकी पडत राहिली होती. तिचं पाणी हिरवं झालं होतं आणि त्याला वास येत होता.

सगळे चावडीपुढे जमले. इंजिन सांभाळणारा माणूस म्हणाला, "नदीचं पाणी चढवण्यात हे तेल घातलं तर थोडे दिवस पुरेल आणि संपेल. त्यापेक्षा इंजिन विहिरीवर बसवू. हातानं उपसून ती आटायची नाही, झरे जिवंत आहेत तिचे. इंजिन सलग चाललं तर ती कोरडी राहील, तेवढ्यात सगळे मिळून गाळ काढू. मग जन्मभर दोरीनं चांगलं पाणी ओढा. पण पिंप सगळं लागेल. अर्ध्यात हे काम होत नाही."

लोकांचे कान त्याच्याकडे होते आणि डोळे पिंपावर. "माझ्या पोरीच्या लग्नात काय अंधार करू?" गिरणीवाल्याने विचारलं. एका म्हातारीला गुडघ्याला चोळायला तेल हवं होतं. ज्यांना कशालाच नको होतं, त्यांनाही शेजाऱ्याला मिळणार म्हणून हवं होतं. "आजवर कधी वाटल्यावाचून राहिलंय का?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे वाटप्याकडे बघू लागले.

वाटप्याची बायको मागे बायकांत उभी होती. सकाळीच ती त्याला म्हणाली होती, "अहो, एवढं एक वाटू नका." आताही तिने लांबूनच नाही म्हणून मान हलवली. वाटप्याला इंजिनवाल्याचं पुरतं पटलं होतं. पण वाटे अडवले तर हेच लोक उद्या आपल्याला नावं ठेवतील, अशी त्याला भीती वाटली. त्याने माप उचललं.

वाटणी अगदी देखणी झाली. एक थेंब सांडला नाही, कुणाला कमी नाही की जास्त नाही. प्रत्येक घराला बाटलीभर तेल मिळालं. लोकांनी वाटप्याचं तोंडभर कौतुक केलं आणि जो तो आपली बाटली घेऊन घरी गेला. इंजिन त्या दिवसापासून मुकं झालं.

मग कड्यावरच्या पायवाटेने पाणी आणणं सुरू झालं. बायका पहाटे उतरत आणि ऊन डोक्यावर आलं की एकेक हंडा घेऊन वर पोचत. पुरुषांनी बादल्यांनी विहीर उपसून पाहिली. दिवसभरात हात सोलून निघाले आणि सकाळी पाहतात तो विहीर पुन्हा होती तिथवर भरलेली. ऐन उन्हाळ्यात कड्याच्या वळणावर वाटप्याच्या बायकोचा पाय घसरला. तिला झोळीत घालून वर आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. वैद्य शहरात, आणि शहर पायी फार लांब. हाड वेडंवाकडं सांधलं आणि ती पुन्हा उभी राहिली नाही.

वाटप्याने रिकामं पिंप ढकलत घरोघरी फिरायला सुरुवात केली. "तेल परत द्या. आपण विहीर उपसू."

गिरणीवाल्याने लग्नात दिवे लावून तेल संपवलं होतं. म्हातारीने गुडघ्यांना चोळलं होतं, गुडघे होते तसेच होते. पण पुष्कळ घरांत बाटली फळीवर जशीच्या तशी होती. तिथे सगळीकडे एकच उत्तर मिळालं: "आधी बाकीच्यांचं आण, मग आमचं घे."

"सगळेच असं म्हणतात," वाटप्या काकुळतीला आला.

"मग आम्हीच का पहिलं द्यायचं? वाटा आमचा आहे. तूच मोजून दिलास ना?"

शेवटी वाटप्याचं आणि इंजिनवाल्याचं, एवढंच तेल जमलं. इंजिन चाललेलं पाहून बाकीचेही आणतील या आशेने त्यांनी ते विहिरीवर बसवलं आणि त्यात हे तेल ओतलं. इंजिन धडधडलं तशी माणसं धावत आली, काठाशी गर्दी झाली. पाणी खाली जाऊ लागलं, काळा गाळ उघडा पडला, लोक फावडी घेऊन उतरूही लागले. मग इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबलं. सगळे वाकून बघत राहिले आणि पाणी गाळावर परत चढत गेलं. त्या गर्दीतल्या कितीतरी जणांच्या घरी बाटल्या भरलेल्या होत्या, तरी एकही जण घराकडे वळला नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी गाव उठलं. एवढ्या सगळ्यांना एका जागी ठेवून घेणारं दुसरं गाव कुठून मिळणार? मग दोन घरं इकडे गेली, चार तिकडे. ज्या गावाने सगळं वाटलं, ते गावही असं वाटलं गेलं. वाटप्याची बायको चालू शकत नव्हती, तिची झोळी उचलायला कुणी थांबलं नाही आणि तिला पाठीवर घेऊन डोंगर उतरण्याचं वय त्याचं राहिलं नव्हतं. ती दोघंच मागे राहिली.

रोज तो जमेल तसा कडा उतरतो, पाण्याची एक कळशी घेऊन येतो आणि दोन तांब्यांत ओततो. एक दिवस बायकोने दोन्ही तांब्यांत डोकावून पाहिलं. तिचा काठोकाठ भरलेला होता, त्याच्यात तळाशी पाणी होतं.

"अहो, वाटे सारखे नाहीत आज," ती म्हणाली.

"तुला ताप आहे. तुला जास्त लागतं."

ती म्हणाली, "हे त्या दिवशी चावडीवर कळायला हवं होतं तुम्हाला."

"हो," वाटप्या म्हणाला, आणि तिला पाणी पाजू लागला.

तात्पर्य एवढंच: सगळ्यांच्या हातावर थोडंथोडं ठेवलं म्हणजे सगळ्यांचं भागलं असं होत नाही. शेवटची ठेव सगळ्यांच्या एका गरजेलाच लावावी. एकदा ती घरोघर गेली की परत गोळा होत नाही.