न मोडलेले वल्हे

फार पूर्वी सालिनी नदीच्या काठी राजा कीर्तिसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रवाह होते.

नगराजवळ नदीला दोन घाट होते, वरचा आणि खालचा. दोन्ही घाटांच्या नावाड्यांच्या श्रेणी, म्हणजे संघ, वेगळ्या होत्या आणि त्यांचे कधीच पटले नव्हते. राजाने उत्तरेकडे राजमार्ग बांधायला घेतला, तेव्हा दवंडी पिटली गेली की मार्ग एकाच घाटावरून नदी ओलांडील. प्रत्येक श्रेणीने आपला एक अग्रणी निवडून दरबारात पाठवावा; ज्याचे म्हणणे राजाला पटेल त्याचा घाट राहील. दुसऱ्या घाटावर गवत वाढेल, हे दवंडीत सांगितले नव्हते, पण सर्वांना कळले होते.

वरच्या घाटावरून अग्रणी होण्यासाठी दोघे उभे राहिले. एक भद्रवाह आणि दुसरा पिंगिय. पिंगिय अंगाने भरदार आणि बोलण्यात मोकळा होता. त्याच्या नावेत बसलेला माणूस हसत हसत पलीकडे उतरे. भद्रवाह मुळात कमी बोलणारा होता आणि त्याची पत्नी उत्पला वारल्यापासून आणखी कमी बोलू लागला होता.

उत्पला पुरात गेली होती. नदीच्या मधल्या बेटावर काही बायका चटयांसाठी लव्हाळे कापायला गेल्या असता पाणी एकाएकी चढले. त्या दिवशी भद्रवाह नाव घेऊन पाहुण्यांना पोचवायला दूर वरच्या अंगाला गेला होता. घाटावर पिंगिय होता. त्याने पहिल्या खेपेत निम्म्या बायकांना काठावर आणले. दुसरी खेप झाली नाही. वल्हे मोडले, असे त्याने सांगितले. पूर ओसरला तेव्हा बेटावर कोणी नव्हते. उत्पला मागे राहिलेल्यांत होती.

तेव्हापासून भद्रवाह पिंगियच्या नावेजवळून जाताना तिच्या वल्ह्यांकडे पाहत असे. आपण काय शोधतो आहोत, हे त्याने स्वतःलाही विचारले नव्हते.

वरच्या घाटाची निवडीची एक जुनी रीत होती. सभेत वृद्ध नावाडी प्रत्येक उमेदवाराला दुसऱ्याविषयी तीनदा विचारी, "याच्या हाती सुकाणू द्यायला नको असा याचा काही दोष तुला ठाऊक आहे काय?" जो गप्प राही त्याने 'दोष नाही' अशी ग्वाही दिली असे धरले जाई. या सभेत मौन हेही बोलणेच होते.

सभा जवळ आली असताना भद्रवाहाचा धाकटा भाऊ नंदिय धावत घरी आला.

"दादा, वल्हं मोडलंच नव्हतं," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"घाटाबाहेरच्या पिंपळाखाली एक परिव्राजक उतरलाय. त्याला सगळं ठाऊक आहे. पलीकडच्या काठावरून कोणी पाहिलं होतं म्हणे. पिंगिय त्या दिवशी खडकाआड बसून दारू पीत होता, आणि वल्हं अख्खं त्याच्या मांडीवर होतं. दादा, तुला तीनदा विचारतील. तू एकदाच बोल. निवड आपली आहे."

भद्रवाह जाळीची गाठ मारीत होता. त्याचे हात थांबले. बातमी उत्पलेच्या मरणाची होती आणि ती ऐकून त्याला हलके वाटले. फार दिवसांनी छातीवरचे ओझे कोणीतरी काढून घ्यावे तसे वाटले. त्या हलकेपणाचा त्याला संशय आला. दुःखाची बातमी माणसाला सुखावते तेव्हा तिच्यात आणखी काहीतरी मिसळलेले असते, असे त्याने मनाशी म्हटले.

"हा परिव्राजक कुठून आला?" त्याने विचारले.

"उत्तरेकडून. चालत आला म्हणे."

"मग त्याला नदी ओलांडावी लागली असणार. आपल्यापैकी कोणाच्या नावेत बसला होता?"

नंदिय विचारात पडला. घाटावर नवा माणूस उतरला की सगळ्यांना कळे. "आपल्या कोणाच्याच नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"म्हणजे खालच्या घाटाने आला. तिथून आपल्या पिंपळापर्यंत उलटा चालत आला. बसायला पिंपळ तिकडेही आहेत."

"पण दादा, त्यानं सांगितलं ते खरं असलं तर?"

"तीच तर अडचण आहे," भद्रवाह म्हणाला. "तो लबाड आहे म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही."

तो उठला आणि थेट पिंगियच्या घरी गेला. पिंगिय अंगणात उपड्या घातलेल्या नावेच्या फटींत राळ भरीत होता.

"ये, भद्रवाहा. माझं मत मागायला आलास का? देऊन टाकतो. माझ्या बायकोचं मात्र तुलाच मिळवावं लागेल, ती माझंही ऐकत नाही."

भद्रवाह हसला नाही. "पिंपळाखालचा परिव्राजक तुझ्याकडे आला होता?"

पिंगियच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "आला होता. तुझ्याबद्दल सांगत होता."

"काय?"

"नको ऐकूस."

"सांग."

"तू बायकोला मुद्दाम बेटावर धाडलंस म्हणे. तुला पूर येणार ते दिसत होतं."

"तुला ते खरं वाटलं?"

"काल वाटलं होतं," पिंगिय म्हणाला. "तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघतोस, त्या नजरेच्या माणसाबद्दल काहीही खरं वाटतं. आज सकाळी नाही वाटलं."

"आता मी तुला विचारतो. वल्हं मोडलं होतं का?"

पिंगियने राळेचे भांडे खाली ठेवले. आतून त्याच्या मुलांचा आवाज येत होता. तो उठून दार ओढून घेऊन आला.

"दारू नव्हती," तो म्हणाला. "तेवढं खोटं आहे. पहिली खेप मी कशी आणली ते माझं मला ठाऊक. बायकांना उतरवलं, नाव वळवली आणि पाण्याकडं पाहिलं. हात उचलेनात. वल्हं हातात होतं आणि हात उचलेनात. खडकाआड बसलो. त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. मग येईनाशा झाल्या. त्यानंतर दगडावर आपटून वल्हं मी मोडलं."

भद्रवाहाला वाटले होते की हे कळले तर आपण याचा गळा धरू. त्याने गळा धरला नाही. मन निवले होते असेही नाही.

"मला परवा विचारतील," तो म्हणाला. "गप्प राहिलो तर मी खोटी ग्वाही दिली असं होईल. बोललो तर माझ्या बायकोचं मरण विकून मी अग्रणी झालो असं होईल, आणि खालचा घाट माझेच शब्द राजापुढं उभे करील. तो माणूस त्यासाठीच बसलाय. मी बोललो नाही आणि तू निवडून आलास, तर हीच गोष्ट तुझ्यासाठी राखून ठेवतील."

"मग तू काय करणार?"

"उमेदवार म्हणून तुझ्याविरुद्ध बोलणार नाही. पण गोष्ट झाकणारही नाही. तू सांग. नाही सांगितलंस, तर मी सांगेन."

"धमकी आहे का ही?"

"तुला तसं वाटेल. मी तरी काय करू?"

सभेच्या दिवशी सगळा घाट जमला. वृद्ध नावाडी सुयाम मध्ये बसला. त्याने आधी पिंगियला विचारले. पिंगियने तिन्ही वेळा मान हलवून 'नाही' म्हटले. मग सुयाम भद्रवाहाकडे वळला.

पहिल्या वेळी भद्रवाह गप्प राहिला. दुसऱ्या वेळीही तो गप्प राहिला. मागे बसलेल्या नंदियने त्याच्या पाठीला बोट टोचले. पिंगियच्या बाजूचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना त्या मौनात डाव दिसत होता. भद्रवाहाच्या बाजूच्यांना त्यात फितुरी दिसत होती.

तिसऱ्यांदा विचारण्यासाठी सुयामने तोंड उघडले तेव्हा भद्रवाह उठला.

"बाबा, थांबा. माझी पत्नी त्या बेटावर होती. म्हणून या माणसाविषयी माझं तोंड स्वच्छ नाही, आणि मी उमेदवार असेपर्यंत ते होणारही नाही. मी निवडीतून बाजूला होतो."

सभेत गलका झाला. नंदियने दोन्ही हातांनी डोके धरले. "संपलं," तो शेजाऱ्याला म्हणाला. "बायकोही गेली आणि घाटही गेला."

पिंगिय आता एकटाच उभा होता. रीतीप्रमाणे तो निवडून आल्यातच जमा होता. वल्ह्याच्या गोष्टीला सभेत दुसरा साक्षीदार नव्हता. भद्रवाह बोलला असता तरी पिंगियने ती नाकारली असती तर कोणी काय केले असते? भद्रवाह सभेकडे वळला, तेवढ्यात पिंगिय म्हणाला,

"तू नको. मी सांगतो."

आणि अंगणात सांगितले होते तेच त्याने सभेत सांगितले. वल्हे दगडावर आपटल्याचेही सांगितले. त्या बेटावर आणखी काही घरांच्या बायका होत्या. त्यांचे नवरे आणि मुलगे तिथे बसले होते. एकाने दगड उचलला आणि तो हातात धरून बराच वेळ उभा राहिला.

सुयाम वयाने फार थकलेला होता. तो सावकाश म्हणाला, "उभा हा एकटाच आहे. याचा दोष आता सर्वांना ठाऊक आहे. ज्यांचं माणूस गेलं त्यांना मी तीनदा विचारतो. याला पाठवू नये असं कोणी म्हणतं का?"

त्याने तीनदा विचारले. प्रत्येक वेळी लोक भद्रवाहाकडे पाहत. भद्रवाह तिन्ही वेळा गप्प राहिला. या वेळी त्याच्या मौनात काही झाकलेले नव्हते. दगड धरलेला माणूस तो खाली टाकून सभेतून निघून गेला. त्याला कोणी अडवले नाही.

त्याच सभेत ठरले की पुराच्या दिवसांत कोणाही नावाड्याला दुसऱ्या खेपेला एकटे पाठवायचे नाही. एकाचे हात थांबले तर दुसऱ्याचे चालले पाहिजेत.

पिंगिय दरबारात गेला तेव्हा भद्रवाह त्याच्याबरोबर गेला. खालच्या घाटाचा अग्रणी गोड बोलणारा होता. तो राजाला म्हणाला, "महाराज, वरच्या घाटाने कोणाला पाठवलं आहे ते विचारा. हा बायकांना पुरात सोडून आलेला माणूस आहे."

"हो, महाराज," पिंगिय म्हणाला. "मीच तो. आमच्या घाटावर लहान मुलांनाही हे ठाऊक आहे." मग त्याने दुसऱ्या खेपेचा नवा नियम सांगितला. "पूर सगळ्याच घाटांवर येतो. खालच्या घाटावर कोणाचे हात कधी थांबले, ते यांच्या अग्रणीला विचारा."

राजाने विचारले. गोड बोलणाऱ्या माणसाने सांगितले की त्यांच्या घाटावर असे कधीही घडले नाही. राजाने त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा तेच विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले. राजाला नदी ठाऊक होती.

मग राजा भद्रवाहाला म्हणाला, "तुझी पत्नी याच्यामुळे गेली असं म्हणतात. तू याच्या शेजारी कसा बसतोस? याला क्षमा केलीस?"

"नाही, महाराज," भद्रवाह म्हणाला. "हा माणूस मला अजून आवडत नाही. पण याच्या नावेत बसायला मला भीती वाटत नाही."

राजमार्ग वरच्या घाटावरून गेला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. ऐकणाऱ्या भिक्षूंपैकी बहुतेकांनी पिंगिय म्हणजे शास्त्यांचा वैरी देवदत्त असे मनात धरून टाकले होते, आणि एकाने तसे बोलूनही दाखवले.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, पिंपळाखालचा परिव्राजक देवदत्त होता. नंदिय तो आनंद, वृद्ध सुयाम तो सारिपुत्त, उत्पला ती राहुलमाता. भद्रवाह मी होतो. आणि ज्याचे हात उचलले गेले नाहीत तो पिंगिय म्हणजे हा मोग्गल्लान."

शास्त्यांचे अग्रशिष्य मोग्गल्लान तिथेच बसले होते. त्यांनी हात जोडले.

सत्य सांगण्याआधी त्यातला आपला लाभ सोडून देणे, ही त्या जन्मी बोधिसत्त्वाने पाळलेली सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, होय.