उलटा न झालेला टी-शर्ट

इस्त्रीत कोळसे घालायचे तेव्हाची गोष्ट आहे, मधे बोलू नका. परीट चहाला गेला की टपरीत इस्त्रीचं राज्य. कुणाच्या अंगावर सुरकुती दिसली की दिलाच चटका. छापील कपड्यांना तर हुकूमच होता की उलटं व्हायचं, छापलेलं तोंड आत घालायचं.

एकदा मोर्चातनं एक काळा टी-शर्ट आला. छातीवर लाल रंगात आवळलेली मूठ, खाली ‘वाकणार नाही’ लिहिलेलं.

"उलटा हो," इस्त्री म्हणाली.

"नाही होत."

"मग पुसूनच टाकते. उद्यापासून फरशी पुसत बस."

म्हातारं धोतर कुजबुजलं, "हो की रे उलटा. मी जन्म घडीत काढला, काय बिघडलं माझं?"

टी-शर्ट घाबरला होता, पण हलला नाही. इस्त्री तापली आणि थेट त्या मुठीवर बसली. चर्र झालं. ती उठली तेव्हा टी-शर्टाची छाती कोरी होती. धोतरानं डोळे मिटून घेतले.

इस्त्री तोऱ्यात शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर चढली. सदऱ्यावर लाल मूठ उमटली, खाली ‘वाकणार नाही’. ती बावचळून चादरीवर पळाली, तिथंही तेच. सगळा रंग तिच्याच बुडाला चिकटला होता. आता कुणाला शिवायची सोय राहिली नाही. कोळशांची राख होईपर्यंत ती कोपऱ्यात मुकाट बसली.

टपरी गार झाली. धोतरानं घडी मोडली, पाय पसरले आणि टी-शर्टाला म्हणालं, "सरक रे पोरा, जरा चुरगळून पडू दे मला."