माणकशेटांचा तह

देवपूरच्या राजाची शेजाऱ्याशी जुंपलेली लढाई काही केल्या संपेना. फौजेला धान्य पुरवून गब्बर झालेले माणकशेट दरबारात रोज गर्जत, “माघार नको, सरकार!”

एके दिवशी धुरपदा दरबारात आली. तिचा नवरा रणात पडला होता आणि घरी लेकरं उपाशी होती. तिनं धान्य मागितलं.

राजा म्हणाला, “बाई, लढाई संपेपर्यंत कोठार फौजेचं.”

माणकशेटांनी मान डोलावली. धुरपदाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिनं हात जोडले. “खरं आहे, सरकार. मग लढाईची हौस ज्यांना, त्या शेटजींनीच रणात पडलेल्यांची घरं पोसावीत!”

राजा खदखदून हसला. “मान्य! तुझ्या घरापासूनच सुरुवात.”

माणकशेट घाम पुसत पुढे आले. “सरकार, मी काय म्हणतो... तहाचं एकदा बोलून तर बघू!”